खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला ट्रामाडॉल दिलं, मॉर्फिन का नाही?
घरी आणल्यावर बहुतेकांना ट्रामाडॉल (मॉर्फिनच्याच गटातलं, पण सौम्य वेदनाशामक) आणि सोबत वेळेवर पॅरासिटामॉल पुरतं. मॉर्फिन दिलं नाही म्हणून आईंवर हलका उपचार झाला असं समजू नका. मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. ताकदीत मॉर्फिनच वरचढ: पोटात घेतलेलं 10 मिग्रॅ मॉर्फिन म्हणजे साधारण 100 मिग्रॅ ट्रामाडॉल. पण मॉर्फिनने श्वास मंदावण्याची भीती जास्त, म्हणून ते पहिल्या एक-दोन दिवसांत वार्डात, नजरेखालीच बरं. टॅपेन्टाडॉल हे आणखी एक वेदनाशामक ताकदीत या दोघांच्या मधलं, त्याने बद्धकोष्ठ मॉर्फिनपेक्षा कमी होतो. पॅरासिटामॉलला 'साधी गोळी' म्हणून लोक सोडून देतात आणि मग रात्री कण्हत बसतात, तसं करू नका. ट्रामाडॉल 2018 पासून एनडीपीएस (अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. नागपूर-सेवाग्रामहून गावाकडे निघण्याआधीच पुढच्या तपासणीपर्यंतच्या गोळ्या लिहून घ्या.

मात्र आईंना फिट येत असतील किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, हे डॉक्टरांना आधीच सांगा. किडनीचा त्रास असेल तर तोही. हलवूनही नीट जाग्या होत नसतील तर पुढची गोळी न देता लगेच 108 ला फोन करा.