कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातून तिची आशयसूत्रं कशी ओळखायची?

पहिल्या प्रकरणावरून आशयसूत्रं, म्हणजे कादंबरीभर फिरत राहणारे मुख्य विचार, लिहायला सांगतात आणि गाईडमध्ये सगळीकडे तेच चार शब्द असतात, असं तुम्ही म्हणताय. गाईड बाजूला ठेवा. त्यात उत्तर नाही.

'फकिरा' घ्या, अण्णाभाऊ साठे यांची, १९५९ची. बी. ए.ला आम्हाला ती नेमलेली होती. सरांनी वर्गात सांगितलं की सुरुवातीचा राणोजीचा, म्हणजे फकिराच्या बापाचा, भाग ही नुसती पार्श्वभूमी, खरी कथा फकिरा कर्ता झाल्यावर सुरू होते, आशयसूत्र एकच: शौर्य. मी उभा राहिलो. म्हटलं, सर, ज्याच्या नावाची कादंबरी आहे तो अजून पोर असताना लेखक त्याच्या बापाचा जीव का घेतो, याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे कसं जायचं? "बस खाली, पोर्शन संपवायचाय." ट्युटोरियलमध्ये मी तेच सविस्तर लिहिलं, तर लाल शाईत शेरा आला: 'विषयांतर'. त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून एवढं लिहितोय.

सुरुवातीला घडतं काय ते बघा. शिगावात जोगणी या देवीची जत्रा भरते, राणोजीच्या वाटेगावात भरत नाही, आणि हे राणोजी मांगाला सलतं. जोगणीची वाटी आपल्या हद्दीत आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला, अशी रीत. वाटी नेणारा वाटेत सापडला तर त्याला मारायची मोकळीक, पण त्याने आपली शीव गाठली की अंगाला हात लावायचा नाही. राणोजी वाटी आणतो, शीवही गाठतो. तरी शिगावचा खोत, म्हणजे तिथला वतनदार, वाटेगावच्या हद्दीत घुसून त्याचं मुंडकं उडवतो.

मेला तो गावकुसाबाहेरचा, जत्रा मिळाली गावाला. हा एक धागा. दुसरा माझ्या मते त्याहून मोठा: मांगाने रीत पाळली आणि खोताने मोडली. पुढे सगळी कादंबरी हाच प्रश्न विचारत राहते, की कायदा कोणाचा आणि पाळायचा कोणी. इंग्रज सरकार अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवून हजेरी द्यायची सक्ती करतं. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा दरोडेखोर ठरतो. आणि वाटी परत न्यायला आलेला खोत फकिराच्या तावडीत सापडतो तेव्हा फकिरा त्याला जिवे मारत नाही, हात तोडून सोडतो. नुसतं शौर्य धरून वाचलं तर हा प्रसंग अर्धवटच राहतो. बापाला रीत मोडून मारलेलं असताना पोरगा सूडातही मर्यादा सोडत नाही, हे राणोजीचं मरण लक्षात असलं तरच दिसतं. त्याला पार्श्वभूमी म्हणणाऱ्याने कादंबरी नीट वाचलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पात्रपरिचय, निसर्गवर्णन, वातावरण अशा याद्या करू नका. सुरुवातीला कुठला नियम मांडलाय, तो कोण मोडतं आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून जाते, ते शोधा. अर्पणपत्रिकाही वाचा. 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. ते पान पहिल्या प्रकरणाच्याही आधी येतं आणि आमच्या वर्गात त्यावर एक शब्द निघाला नाही.

एक मात्र आहे. 'गाव विरुद्ध मांगवाडा' असं सरसकट लिहू नका. वाटेगावचेच विष्णुपंत कुलकर्णी मांगांच्या पाठीशी उभे राहतात, शंकरराव पाटील खोताच्या पंगतीतले नाहीत. शिवाय प्रत्येक कादंबरी सुरुवातीलाच एवढं हातात देत नाही. काहींचं पहिलं प्रकरण शेवट वाचून परत आल्यावरच उलगडतं, तेव्हा परीक्षेआधी पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं.

उत्तर लिहिताना राणोजीचा खून आणि खोताचा तुटलेला हात हे दोन प्रसंग शेजारी ठेवून लिहा. कोणी 'विषयांतर' म्हणालं तर कुठल्या वाक्यात, ते विचारा. मी तेव्हा विचारलं नव्हतं, तुम्ही विचारा.