वाचकांचे प्रश्न : रेड ब्लेंडची बाटली

प्रश्न : भेट मिळालेल्या वाइनच्या बाटलीवर द्राक्षाच्या वाणाचे नाव नाही, केवळ ‘रेड ब्लेंड’ असे छापलेले आहे. एका परिचितांच्या मते एकाच वाणाची वाइन तेवढी अस्सल, मिश्रण म्हणजे उरल्यासुरल्या मालाची भेसळ. हे खरे आहे का? या वाइनची चव कशी असते आणि ती कशाबरोबर घ्यावी?

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. फ्रान्समधील बोर्दोच्या ज्या रेड वाइनना जगभर मान आहे, त्या बहुतेक सगळ्या मिश्रणेच असतात. तेथे मर्लो या वाणाच्या वेली लवकर फुटतात आणि लवकर पिकतात, तर कॅबर्ने सॉव्हिन्यों हा दुसरा वाण उशिरा तयार होतो. त्यामुळे वसंतातल्या हिमाने मर्लोचे नुकसान केले किंवा शरदातल्या पावसाने कॅबर्नेला गाठले, तरी सगळे वर्ष वाया जात नाही. जमिनीचाही यात वाटा आहे. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरची खडीची जमीन ऊब धरून ठेवते आणि पाणी साचू देत नाही, म्हणून तेथे कॅबर्नेचे प्रमाण जास्त असते. उजव्या तीराकडच्या चिकणमातीच्या थंड जमिनीत मर्लो रमते. सामान्यतः प्रत्येक वाण वेगळा आंबवतात आणि नंतर पिंपापिंपातून नमुने चाखून प्रमाण ठरवतात. ते ठरवणे हेच खरे कसब आहे. कॅबर्ने ताठ आणि तुरट असते, मर्लो तिला मांसलपणा देते, आणि थोडीशी कॅबर्ने फ्रँ सुगंध वाढवते.

लेबलावर वाणाचे नाव नसण्यामागे बहुधा नियम असतो. अमेरिकेत वाणाचे नाव छापण्यासाठी त्या वाणाचा वाटा साधारणपणे किमान ७५ टक्के आणि युरोपीय संघात ८५ टक्के असावा लागतो. याचा उलटा अर्थही लक्षात घ्यावा, की ज्या बाटलीवर एकच नाव आहे तिच्यातही थोडा दुसरा वाण असू शकतो.

चव मात्र घटकांवर अवलंबून असते, म्हणून बाटलीच्या मागचा मजकूर अवश्य वाचावा. कॅबर्ने आणि मर्लो असतील तर ब्लॅककरंटसारखा गडद फळांचा गंध, देवदाराच्या लाकडाची झाक आणि जिभेवर तुरटपणा जाणवतो. फ्रान्समधल्या दक्षिण ऱ्होन खोऱ्याच्या धर्तीवर ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र हे वाण एकत्र केले असतील तर पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा गोडसर गंध आधी येतो आणि मागून काळी मिरी येते. सिरामधला रोटुंडोन हा घटक प्रत्यक्ष मिरीतही असतो, त्यामुळे हा भास नव्हे. इटलीतील किआंती या रेड वाइनसाठी तिथले वाइन उत्पादक बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये आपले सूत्र मांडले, त्यात सांजोव्हेजे या मुख्य वाणाचा कठोरपणा कमी करण्यासाठी कानाइओलो हा वाण घ्यावा असे सांगितले होते.

आता जेवणाबद्दल. रेड वाइनमधले टॅनिन, म्हणजे तिला तुरटपणा देणारे द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे पडते. वाइनचा एक घोट घ्या, मग मुरवलेल्या कडक चीजचा लहान तुकडा सावकाश चावून पुन्हा घोट घ्या. चीजमधली प्रथिने, स्निग्धता आणि मीठ यांमुळे तीच वाइन मवाळ लागेल. याच कारणाने कॅबर्नेप्रधान मिश्रण भाजलेल्या मांसाबरोबर खुलते. ग्रेनाशप्रधान मिश्रण मंद आचेवर शिजवलेल्या मटणाबरोबर किंवा भाजलेल्या वांग्याबरोबर घ्यावे, आणि सांजोव्हेजेची आंबट धार टोमॅटोच्या सॉसला उत्तम साथ देते. अतितिखट पदार्थांबरोबर तुरट आणि जास्त अल्कोहोलचे मिश्रण टाळावे, कारण दोघांची जळजळ एकमेकींना वाढवते. तेलकट माशाबरोबरही ते नको. वाइनमधल्या लोहामुळे मागाहून उग्र माशाळ चव उरते.

बाटली १६ ते १८ अंश सेल्सिअसला असावी. त्याहून उबदार झाली, तर फळांचा गंध मागे पडून अल्कोहोलच पुढे येते.