माशाचाही सण असतो का कुठे?

असतो ना! अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले मेनॉमिनी आदिवासी एप्रिलच्या सुमारास स्टर्जनचा सण करतात. ढोल, नाच, आणि पंगतीत तोच मासा. डायनोसॉरच्या काळापासूनचं हे कूळ. अंगावर हाडांच्या ढालींच्या रांगा, तोंडापुढे चार मिशा. आपल्या भोईपुऱ्यात रोहू-कतल्याशेजारी ठेवला तर गिऱ्हाईक मगरीचं पिल्लू समजून मागे सरकेल. पूर्वी बर्फ वितळलं की तो अंडी घालायला केशेना धबधब्याशी यायचा. खाली धरणं झाली आणि शंभरावर वर्षं वाट बंद. आता माणसंच तो धरणाच्या वरच्या अंगाला आणून सोडतात. त्यात मादी पहिल्यांदा अंडी घालते तीच विशी ओलांडल्यावर, त्यामुळे नदी पुन्हा भरायला पिढी जाते बाप्पा!