जुनं ला पाव्होनी लिव्हर मशीन आणि सोबत जुना लाकडी हँड ग्राइंडर मिळतोय, घ्यावं का, की स्प्रिंगवाल्या लिव्हर मशीनसाठी थांबू? काय तपासू?

मशीन घ्या, बिनधास्त घ्या. ग्राइंडरचं मात्र जरा बघून. ग्राइंडरचा प्रश्नात जाता जाता उल्लेख आहे, पण मी मुद्दाम तिथूनच सुरू करतो, कारण लिव्हर मशीनवर कॉफी बिघडते ती दहातल्या आठ वेळा ग्राइंडमुळे, म्हणजे दळण किती बारीक-जाड आहे त्यामुळे.

पंपाच्या मशीनमध्ये प्रेशर पंप देतो, इथे ते तुमच्या हातातून येतं, पण हात कितीही जोर लावू दे, खाली कॉफीने अडवलं तरच प्रेशर तयार होतं ना. ग्राइंड जाड असला की लिव्हर लोण्यात सुरी गेल्यासारखा खाली येतो आणि कपात पातळ आंबट पाणी पडतं, फार बारीक झाला की लिव्हर जागचा हलत नाही आणि दोन थेंब काळे कडू. या दोन टोकांच्या मधली जागा अगदी चिंचोळी असते, बोटांत चोळून बघितलं तर पीठ आणि बारीक मीठ यांच्या मधलं काहीतरी, आणि ती जागा ग्राइंडरला रोज सापडली पाहिजे.

झासेनहाउस, पेडे वगैरे जुन्या जर्मन ग्राइंडरांची पाती चांगल्या कडक पोलादाची असायची, त्यातले नीट ठेवलेले आजही एस्प्रेसोला चालतात. पण नाव बघून घेऊ नका, फिरवून बघा. बिया न टाकता अ‍ॅडजस्टमेंट हळूहळू आवळत जा, पाती एकमेकांना लागली की किंचित सैल करा आणि दांडा एकदम सावकाश एक फेरा फिरवा. आवाज ऐका. पूर्ण फेऱ्यात सारखी हलकी घसघस असेल किंवा अजिबात नसेल तर उत्तम. अर्ध्या फेऱ्यात घासतंय आणि अर्ध्यात मोकळं जातंय असं असेल तर आस मध्यावर नाही, आस धरणारा बुश झिजलाय, असा ग्राइंडर एकाच वेळी भुकटी पण देणार आणि भरड पण देणार, आणि मग मशीनसमोर कितीही डोकं आपटलं तरी शॉट (एका वेळी ओढलेली एस्प्रेसो) जमणार नाही. दुसरं म्हणजे पात्याच्या धारेवरून नख आडवं ओढा, नख अडकलं पाहिजे, गुळगुळीत सरकलं तर धार गेलीय. तिसरं, अ‍ॅडजस्टमेंटच्या खाचा बघा, खूप जुन्या डब्यांमध्ये दोन खाचांमध्ये एवढं अंतर असतं की एकीवर शॉट दहा सेकंदात संपतो आणि पुढचीवर मशीन गच्च बसतं. हे तीन पास झाले तर ठेवा, नाहीतर तो ग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी वापरा आणि एस्प्रेसोसाठी कोमांदांते किंवा वनझेडप्रेसोसारखा नवा हँड ग्राइंडर वेगळा घ्या. आणि पात्यांना पाणी लावू नका, गंज चढतो, ब्रशने साफ करायचं आणि थोड्या जुन्या बिया दळून टाकून द्यायच्या.

आता मशीन. मी बिनधास्त म्हटलं त्याचं कारण असं की युरोपिकोलामध्ये, म्हणजे ला पाव्होनीच्या या घरगुती लिव्हर मशीनमध्ये, म्हातारं होतं ते मुख्यतः रबर. पिस्टनची सीलं, ग्रुपचं (पाणी जिथून कॉफीवर येतं तो पुढचा भाग) गॅस्केट, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचे वॉशर, हे सगळं मिळतं आणि घरी बदलता येतं, थोडं फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावायचं की झालं. फक्त ऑर्डर करताना एक बघा, 2000 च्या सुमारास कंपनीने ग्रुप बदलला, आधीच्याचं बास्केट (कॉफी भरायची चाळणी) 49 मिमीचं, नंतरच्याचं 51 मिमीचं, त्यामुळे सीलं, बास्केट, टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा) काहीच एकमेकांना बसत नाही. स्केलने मोजा आणि मगच ऑर्डर द्या.

खरी भीती पाणी तापवणाऱ्या कॉइलची. बॉयलर कोरडा असताना कोणी चालू ठेवलं असेल तर कॉइल गेलेली असू शकते आणि ती बदलणं हे रबर बदलण्याइतकं सोपं नाही. बघायला जाताना मल्टिमीटर घेऊन जा. प्लग काढलेला असताना कॉइलच्या दोन टोकांमध्ये मोजा, 230 व्होल्टवरची 1000 वॉटची कॉइल असेल तर 53 ओहमच्या आसपास आकडा येतो. 14-15 ओहम आला तर ते 120 व्होल्टचं मशीन आहे, तुमच्याकडे 230 असेल तर लावू नका. मग एक टोक कॉइलला आणि दुसरं बॉडीला लावून बघा, तिथे काहीच दाखवायला नको, दाखवलं तर कॉइल बॉडीला शॉर्ट आहे. जुनी वायर आणि अर्थिंग तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय प्लग घालूच नका, धातूचं मशीन आहे आणि आत पाणी आहे.

सगळं ठीक निघालं की वापरताना दोन-तीन गोष्टी. थंड मशीन गरम होताना बॉयलरमध्ये वाफेसोबत हवा अडकलेली असते, प्रेशर आलंय असं वाटतं पण पाणी अजून पुरेसं तापलेलं नसतं. वाफेची तोटी थोडी उघडून हवा जाऊ द्या, सलग वाफ यायला लागली की बंद करा, नंतर जे प्रेशर चढेल ते खरं. 0.8 बारला आतलं पाणी साधारण 117 अंश असतं, ते थंड ग्रुपमध्ये येऊन कॉफीला हवं तेवढं उतरतं, सगळी गंमत या ग्रुपच्या थंडपणावर आहे. म्हणून पहिला शॉट छान, दुसरा चांगला आणि तिसऱ्यापासून जळका कडूपणा असं होतं, ग्रुप तापून गेलेला असतो. ओलं फडकं गुंडाळा किंवा मशीन बंद करून थांबा. मी ग्रुपवर तापमानाची चिकटपट्टी लावलीय आणि 80 च्या आसपास असतानाच ओढतो, त्याने चवीत जेवढा फरक पडला तेवढा महागड्या बियांनी पण पडला नव्हता.

लिव्हर वर केला की लगेच दाबू नका, पाणी कॉफीत मुरायला पाच-दहा सेकंद द्या आणि मग सावकाश एकसारखा दाब. शॉट झाला की पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा दांडा) लगेच काढायचा नाही, आत प्रेशर असतं आणि गरम चोथा अंगावर उडतो. आणि बॉयलरचं झाकण प्रेशर असताना कधीच, कधीच उघडायचं नाही, आधी बंद करून वाफ पूर्ण सोडायची.

स्प्रिंगवालं घेऊ का असंही विचारलंय तुम्ही. इटलीच्या आकिले गाज्जाने 1947 मध्ये पिस्टनच्या लिव्हरचं पेटंट घेतलं, त्याच्या मशीनमध्ये हात फक्त स्प्रिंग आवळतो आणि कॉफी स्प्रिंग दाबते, त्याआधीच्या वाफेच्या मशीनांना जमत नव्हतं तेवढं प्रेशर तिथे मिळालं आणि कपावर क्रेमा (सोनेरी फेस) आला. एलेक्ट्राचं मायक्रोकासा आ लेवा त्याच जातीचं. स्प्रिंगमुळे रोज सारखा दाब मिळतो, सुरुवातीला जास्त आणि शेवटी उतरत जाणारा, चव मस्त गोलसर येते. पण ग्राइंड जाड पडला आणि लिव्हर मध्येच हातातून सुटला तर तो जोरात वर येतो, हनुवटीला लागू शकतो, तोंड बाजूला ठेवा. युरोपिकोलामध्ये स्प्रिंग नाही, सगळं हातावर, त्यामुळे ग्राइंड थोडा चुकला तर हाताला लगेच कळतं आणि तुम्ही दाब कमीजास्त करून तो शॉट वाचवू शकता. नव्याने शिकायला मला हेच जास्त आवडतं, तुम्हाला समोर जे मिळतंय ते तेच आहे, तेव्हा मल्टिमीटरवर आकडे बरोबर आले तर स्प्रिंगवाल्यासाठी थांबू नका.