एक्स एकाच बाजूला सरकतोय? आधी डिरसेटअपचा आकडा बघा

तुमचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टवर सीएनसी मशीन वर्षानुवर्षं नीट चालली. लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) मेसा कार्डवर, म्हणजे पल्स पाठवणाऱ्या वेगळ्या बोर्डावर, नेल्यापासून पॉकेट (खळगा) मारताना एक्स अक्ष उजवीकडे सरकतो, जॉब संपेपर्यंत सव्वा मिलिमीटर. वाय ठीक, स्क्रीनवरही आकडे बरोबर. मोटर-ड्रायव्हर तेच, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बग.

दादा, जरा थांबा. गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या आमच्या शेडमध्ये याच दुखण्यापायी मी कपलिंग बदललं, बेअरिंग उघडली, मशीन दोन दिवस बंद ठेवली. चूक एका आकड्यात होती.

बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढील) हा नव्हे. बॅकलॅश साचत जात नाही; तुमचा फरक साचतोय, तोही एकाच दिशेला. मोटर अडकली असती तर एकदम मोठा फटका दिसला असता. आणि स्क्रीनवर विसंबू नका: स्टेपर मोटरला एन्कोडर (खरी जागा मोजणारा सेन्सर) नाही, कार्ड स्वतःच पाठवलेले पल्स मोजून दाखवतं.

०.०१ ची डायल टेबलाला टेकवा. फीड १००, एक्स १ मिलिमीटर पुढे-मागे, २०० फेऱ्या. चार-पाच मिनिटांचं काम. आमच्याकडे प्रत्येक फेरीला सुई अर्ध्या घराहून किंचित जास्त पुढे येऊन थांबायची, परत मूळ जागी जायचीच नाही. तिथेच उलगडा झाला. आमचा स्क्रू ५ मिलिमीटर पिचचा, १६०० पल्सला एक फेरा, म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. दिशा बदलल्यावरचा पहिला पल्स डावीकडे जायचा तो उजवीकडे गेला, की दोन पल्सचा फरक: ०.००६२५. अशा २०० फेऱ्यांना १.२५. तुमचा सव्वा मिलिमीटर वाचून म्हणूनच कान टवकारले. पॉकेटमधली टूलची झिगझॅग ये-जा एक्सवर असेल, तर वाय का वाचला तेही कळतं.

दिशेचा सिग्नल पल्सच्या आधी ड्रायव्हरपर्यंत पोचायला हवा. बऱ्याच स्टेपर ड्रायव्हरच्या मॅन्युअलमध्ये ही वेळ ५ मायक्रोसेकंद लिहिलेली असते. ड्रायव्हरमधला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारा भाग) चालू पटकन होतो, बंद व्हायला वेळ घेतो. म्हणून एकाच बाजूचं वळण चुकतं. लिनक्ससीएनसीच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये मात्र हीच वेळ, म्हणजे डिरसेटअप, नॅनोसेकंदात लिहायची असते. मी मॅन्युअलमधला ५ तसाच टाकला होता, हवे होते ५०००. पॅरलल पोर्टवर ही चूक झाकली जाते, कारण तिथे ही वेळ बेस पिरियडच्या (सॉफ्टवेअरच्या पल्स-ठोक्याच्या) पटीत वर ओढली जाते; पिरियड २५ मायक्रोसेकंदांचा असेल तर ५ नॅनोसेकंदांचेही २५ मायक्रोसेकंद होतात. मेसा कार्ड सांगाल जवळजवळ तेवढंच थांबतं.

आयएनआय फाइलमधल्या जॉइंट ० च्या (म्हणजे एक्सच्या) भागात डिरसेटअप आणि डिरहोल्ड (पल्सनंतर दिशा टिकवायची वेळ) दोन्ही १०००० करा. वळणाला काही मायक्रोसेकंद जास्त गेल्याने कामात फरक पडत नाही. इतर जॉइंटचेही आकडे बघा. लिनक्ससीएनसी बंद करून पुन्हा चालू करा, आणि ॲल्युमिनियम लावण्याआधी त्याच २०० फेऱ्या परत मारा. सुई तरीही सरकली, तर स्टेप सिग्नल उलटा करून एकदा बघा आणि दोन्ही वेळचे डायलचे आकडे इथे टाका, स्क्रूच्या पिचसकट.