भित्तिपत्रकातले राजकारण

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यावरील माझा लेख भित्तिपत्रकातून दुसऱ्याच दिवशी काढण्यात आला. ‘महाविद्यालयात राजकारण नको’ एवढेच कारण मिळाले. आता आम्ही काय करावे?

उत्तर : प्राचार्यांची धास्ती अगदीच निराधार नाही. विद्यार्थी निवडणुकांतील हाणामाऱ्यांमुळे महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका थांबवल्या आणि २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली. तथापि पक्षाचा प्रचार वेगळा आणि नळाला पाणी एक दिवसाआड का येते याचा शोध वेगळा. अठराव्या वर्षी मतदार झालेल्या मुलाने दुसरा प्रश्न विचारूच नये, हे मला पटत नाही.

तुमचा लेख मी वाचलेला नाही. परंतु असे लेख बहुधा ‘प्रशासन झोपले आहे’ या छापाचे असतात आणि ते काढून टाकणे सोपे जाते. त्याऐवजी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातील पाणीपुरवठ्याची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची असते आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो. (ही शब्दमर्यादा होतकरू संपादकांना चांगलीच मानवते.) मिळालेले पान जसेच्या तसे ड्रॉइंग शीटवर चिकटवा, शेजारी चार ओळींत त्याचा अर्थ लिहा आणि खाली आपले नाव घाला. निनावी मजकुराची बाजू घ्यायला मीही येणार नाही. मुख्याधिकाऱ्यांचे म्हणणे घेऊन तेही त्याच अंकात द्या.

कोणी कॅम्पस रेडिओ सुचवेल. पण तो सामुदायिक रेडिओत मोडतो आणि अशा रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम प्रसारित करण्याची मुभा नाही, त्यामुळे या कामाला तूर्त कागदच बरा.

प्राचार्यांना भेटाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, लेखी प्रस्ताव न्या. मार्गदर्शक प्राध्यापक कोण, अंक किती दिवस लागलेला राहील, आक्षेप आल्यास तो कोणी आणि किती दिवसांत ऐकायचा, हे त्यात स्पष्ट असावे. आणि फलकाच्या काचेच्या दाराची किल्ली कोणाकडे राहील, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.