स्की बूट निवडताना: कागद, भिंत आणि दोन पेन्सिली

हिवाळा लागला की नागपुरातून गुलमर्ग, औली, सोलांगकडे जाणाऱ्यांचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी बहुतेक पत्रं बुटांबद्दल आहेत आणि ते योग्यच आहे. स्की थोडी कमी-जास्त लांबीची मिळाली तरी शिकता येतं, पण बूट चुकला तर दुसऱ्याच दिवशी माणूस खोलीत पाय शेकत बसतो. इथे स्की बूट घालून पाहून घेण्याची सोय नाही असं धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: फेब्रुवारीत गुलमर्गला प्राथमिक स्कीइंग कोर्सला जायचं आहे. फॉर्ममध्ये बुटाचा नंबर विचारलाय. मला बाजारात ८ नंबर बसतो. तोच लिहू का? मित्र म्हणतो, बर्फातले बूट एक नंबर मोठेच घ्यावेत. (धरमपेठ)

उत्तर: नुसतं ८ लिहू नका, आणि एक नंबर मोठा तर मुळीच मागू नका. स्की बुटाचं माप मोंडोपॉइंट पद्धतीत असतं, म्हणजे सरळ पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. पाऊल २६.५ सेंटिमीटर तर बूट २६.५. नंबर आणि सेंटिमीटर जुळवणाऱ्या तक्त्यात आपला ८ नंबर साधारण २७ समोर सापडतो. पण रोजचा जोडा आपण बोटांपुढे जागा ठेवून घेतो, म्हणून ८ घालणाऱ्या बऱ्याच जणांचं पाऊल मोजल्यावर २६ च्या आसपास भरतं. तक्त्यावर विसंबलात आणि वर मित्राचं ऐकलंत, तर थेट २८ चा बूट हातात येईल.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या उभं राहण्याने पाऊल थोडं फुगलेलं असतं. ए-फोर कागद उभा धरून त्याची आखूड कड भिंतीला टेकवा. तो २९.७ सेंटिमीटर लांब असतो, बहुतेकांना पुरतो. अनवाणी उभे राहा, टाच भिंतीला लागलेली, वजन दोन्ही पायांवर सारखं. बसून मोजलेलं माप चालत नाही, कारण वजन पडलं की पाऊल लांबतं. सगळ्यात पुढे आलेल्या बोटापाशी दुसऱ्या कुणाला तरी खूण करायला सांगा. स्वतः वाकलात की टाच हलते. पुढे आलेलं बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. समजा उजवा २६.१ आणि डावा २६.३ भरला, तर फॉर्मवर २६.५ लिहा. बहुतेक कंपन्या प्लास्टिकचं बाहेरचं कवच पूर्ण मापातच करतात. २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, फरक पावलाखालच्या आतल्या पट्टीत किंवा लायनरमध्ये, म्हणजे कवचाच्या आतल्या मऊ बुटात. म्हणून २६ की २६.५ यावर डोकं शिणवू नका. २६.५ ऐवजी २७.५ घेतलात तर मात्र कवचच बदलतं.

त्याच कागदावर चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजा, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत, मिलिमीटरमध्ये. बुटाच्या माहितीत ९८, १००, १०२ असे आकडे दिसतात ती ही रुंदी. ९८ च्या आसपासचा बूट अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढचा रुंद. हा आकडा सहसा २६.५ मापाच्या बुटाचा असतो. लहान मापात रुंदी त्याहून कमी मिळते, मोठ्या मापात जास्त. आपल्याकडे वर्षातले आठ-दहा महिने पाय चपलेत मोकळा असतो, त्यामुळे चवडा पसरलेला असणं फार आढळतं. पाऊल रुंद असेल तर रुंद बूट मागा. रुंदीची अडचण लांबी वाढवून सोडवायला जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. चवड्याला जागा मिळते, पण टाच आत खेळायला लागते आणि मग स्की ताब्यात राहत नाही. नडगीने बुटाची जीभ पुढे दाबली की तो दाब स्कीपर्यंत जायला हवा. सैल बुटात आधी पाय सरकतो, मग बूट हलतो, मग स्की. शिकाऊ माणसाला तेवढा उशीर पडायला पुरतो.

प्रश्न: भाड्याच्या दुकानात गर्दी असते, बूट पुढे सरकवून "घाला" म्हणतात. दहा मिनिटांत योग्य बूट कसा ओळखायचा? (वर्धा)

उत्तर: कवचाची चाचणी करा. नागपूरहून निघताना दोन साध्या लाकडी पेन्सिली टेपने एकमेकींना बांधून खिशात टाका, तिसरी सुटी ठेवा. एक पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते.

बुटातून मऊ लायनर बाहेर काढून द्यायला सांगा. नम्रपणे मागितलं तर देतात. मोजे न घालता किंवा फक्त पातळ मोज्यावर रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढच्या भिंतीला हलकी टेकेपर्यंत पुढे सरका आणि गुडघे किंचित वाकवा. आता टाचेमागची फट पाहा. दोन पेन्सिली आडव्या, एकीमागे एक बसल्या तर साधारण दीड सेंटिमीटर जागा आहे, उत्तम. तिन्ही जेमतेम बसल्या तर दोन सेंटिमीटर, नवशिक्याला चालेल. तिन्ही बसून वर बोटही शिरत असेल तर बूट मोठा आहे, परत द्या. एकच पेन्सिल बसत असेल तर तो स्पर्धेत उतरणाऱ्यांचा बेत, तुमचा नाही.

मग लायनर आत बसवा, सुरकुती राहू देऊ नका. घालताना जिभेच्या दोन्ही बाजूंची प्लास्टिकची पाळी बाहेर ताणून धरा. थंडीत हे प्लास्टिक लाकडासारखं होतं, म्हणून बूट रात्री खोलीत ठेवावेत, गाडीच्या डिकीत नाही. पाय आत गेला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. आता बकलं. आधी घोट्याच्या वरची दोन हलकी लावा, गुडघे पुढे दाबून टाच आणखी मागे जाऊ द्या, मग त्यांना एकेक खाच घट्ट करा. पावलावरची दोन बकलं शेवटी, फक्त अडकतील एवढीच. सगळ्यात वरचा पट्टा नीट आवळा. खालून वर अशा क्रमाने लावलं तर टाच मागे बसण्याआधीच पाऊल पुढे अडकतं.

ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत. इथेच लोक घाबरून मोठा बूट मागतात. गुडघे वाकवा, बोटं मागे येऊन मोकळी होतील. वाकल्यावरही ती दाबली जात असतील तरच बूट लहान. बोटं वळवळवता आली पाहिजेत, टाच उचलता येता कामा नये. बूट पायात ठेवून निदान दहा मिनिटं फिरा.

बुटाच्या कडकपणाचा आकडाही विचारा, त्याला फ्लेक्स म्हणतात. सुरुवातीला बायकांना साधारण ६० ते ८०, पुरुषांना ८० ते १०० पुरतो. वजन जास्त असेल तर वरच्या टोकाचा घ्या. एका कंपनीचा ९० आणि दुसरीचा ९० सारखे असतीलच असं नाही, म्हणून गुडघा पुढे दाबून पाहा. जीभ थोडी तरी वाकली पाहिजे. गरम दुकानात मऊ वाटणारा बूट गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर कडक लागतो.

शेवटी तळ उलटून पाहा. पुढचं आणि मागचं टोक घासून गोल झालं असेल तर तो बूट घेऊ नका. पडल्यावर स्की सुटून पाय वाचवते ती बाइंडिंग, आणि ती याच टोकांना धरते. बाइंडिंगची ताकद तुमचं वजन, उंची, वय, स्कीइंगची पातळी आणि बुटाच्या तळाची लांबी यावरून लावतात. ही लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. म्हणून वजन खरं सांगा, आणि दुपारी बूट बदललात तर बाइंडिंग पुन्हा लावून घ्या. ग्रिपवॉक तळाचा, म्हणजे चालायला सोपा जावा म्हणून तळ गोलसर केलेला बूट असेल तर बाइंडिंग त्याला चालणारी आहे ना, हेही विचारा. प्रत्येक बाइंडिंग चालत नाही.

प्रश्न: दोन लोकरी मोजे घालावेत ना? (गोंदिया)

उत्तर: एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. दोन मोजे एकमेकांवर सरकून फोड आणतात आणि पाय आवळून रक्त अडवतात, त्यामुळे पाय उलट जास्त गारठतो. सुती मोजा घाम धरून ठेवतो. थर्मलची पायनळी बुटात कोंबू नका, ती बुटाच्या काठाच्या वरच संपली पाहिजे. पायाची नखं सहलीला जाण्याच्या दोन दिवस आधी कापा.

प्रश्न: मागच्या वर्षी सोलांगला पाऊल बधिर झालं. दुकानदाराने मोठा बूट दिला, तर नडगी काळीनिळी झाली आणि अंगठ्याचं नखही काळं पडलं. म्हणजे बूट लहान होता की मोठा? (मानेवाडा)

उत्तर: पहिला बूट बहुधा मापाचा होता आणि खालची बकलं जास्त आवळली गेली होती. दुसरा मोठा होता. पावलाच्या वरच्या बाजूने रक्तवाहिनी आणि मज्जातंतू हाडाला लागून जातात. उंच कमानीच्या पायात तिथेच बकलाचा दाब येतो आणि बोटं बधिर होतात. उपाय म्हणजे पावलावरची बकलं सैल करणं. टाच धरून ठेवायचं काम घोट्याजवळच्या बकलाचं आणि वरच्या पट्ट्याचं आहे. गोंडोलात किंवा लिफ्टवर बसल्या बसल्या सगळी बकलं उघडा, उतरताना पुन्हा लावा.

काळ्या नखावरून लोक बूट लहान होता असं ठरवतात. बहुतेक वेळा उलट असतं. बूट लांब, टाच सैल, प्रत्येक वळणावर पाय पुढे जाऊन अंगठा आपटतो. शिवाय घाबरून मागे रेललं की बोटं पुढच्या भिंतीवर दाबली जातात. नडगीचंही तसंच. बूट वरच्या बाजूला सैल असेल तर नडगी जिभेवर टेकून राहण्याऐवजी दर वेळी तिच्यावर आदळते. थर्मलची घडी आत राहिली असेल तर तीही तिथेच रुतते.

तळव्यात पेटके येत असतील तर बहुधा तुम्ही बोटं आवळून बूट धरून ठेवताय, म्हणजे बूट मोठा आहे किंवा कमानीखाली आधार नाही. आधार देणारी चांगली आतली पट्टी इथूनच नेता येते. करंगळीच्या मुळाशी किंवा घोट्याच्या हाडावर एकाच जागी टोचत असेल, तर मोठा बूट हे उत्तर नव्हे. स्वतःच्या बुटाचं कवच कारागीर तेवढ्या जागी तापवून बाहेर ढकलतो. भाड्याच्या बुटात ते होत नाही, तिथे दुसऱ्या कंपनीचा बूट घालून पाहावा.

आणखी एक कारण सहसा ध्यानात येत नाही. उकिडवं बसून पाहा. टाचा जमिनीवर टेकून बसता येतं का? दुसरी चाचणी अशी: भिंतीपासून १० सेंटिमीटरवर अंगठा ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. दोन्ही जमत नसेल तर घोटा पुरेसा वाकत नाही. अशा पायाची टाच बुटात आपोआप उचलली जाते, बकलं कितीही आवळा. टाचेखाली ३ ते ६ मिलिमीटरची पाचर ठेवली की फरक पडतो. ती लायनरच्या आत नाही, त्याच्या खाली ठेवायची, नाहीतर पावलाचा वरचा भाग दाबला जातो.

प्रश्न: अकरा वर्षांच्या मुलीला पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून मोठे बूट घ्यावेत का? (सदर)

उत्तर: नको. कवचात टाचेमागे दोन सेंटिमीटर ही कमाल धरा. मुलांचे बूट भाड्यानेच बरे, दर वर्षी पाय मोजून.

प्रश्न: एका ओळखीच्या माणसाकडून बारा वर्षं जुने पण एकदाच वापरलेले स्की बूट स्वस्तात मिळताहेत. घ्यावेत का? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते ठेवायचे कसे? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: घेऊ नका. बरीच कवचं पॉलियुरेथेनची असतात. हवेतला ओलावा आणि उष्णता मिळून हे प्लास्टिक वर्षानुवर्षं आतून तुटत जातं, बूट वापरला काय आणि न वापरला काय. बाहेरून तो नवा दिसतो आणि थंडीत उतारावर, भार आला की तडकतो. नागपुरात नवतप्यात ४५ अंश आणि लगेच पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा, म्हणजे दोन्ही गोष्टी हजर.

स्वतःचे नवे बूट असतील तर सहलीहून आल्यावर लायनर काढून, पंख्याखाली सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. ऊन, हीटर, हेअर ड्रायर नको, आणि कूलरसमोर तर नकोच, त्याची हवा ओली असते. पूर्ण वाळल्यावर लायनर आत बसवून बकलं सर्वांत सैल खाचेत हलकी लावून ठेवा. उघडं ठेवलेलं कवच आकार सोडतं. जागा घरातली सर्वांत थंड आणि कोरडी खोली. टिनाखालचा माळा, गच्चीवरची खोली किंवा गाडीची डिकी नको. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला. जायच्या महिनाभर आधी घरात अर्धा तास घालून, वाकून, कवचाला चीर गेली नाही ना ते उजेडात पाहा.

प्रश्न: वडील ५८ वर्षांचे आहेत, दहा वर्षांपासून मधुमेह. त्यांना स्की बूट चालतील का? (प्रतापनगर)

उत्तर: आधी डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्या. वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या दुखण्यावर आणि बधिरपणावर चालतात. ज्यांना तळव्याला स्पर्श नीट कळत नाही त्यांना बूट टोचतोय हे समजणारच नाही, आणि कडक कवचात तासाभरात जखम होते. संवेदना कमी असेल तर भाड्याचे स्की बूट घालू नयेत. संवेदना चांगली असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला, तरी पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने बूट काढून, मोजा उतरवून पाऊल डोळ्यांनी पाहा. लाल डाग पंधरा मिनिटांत मावळला नाही तर त्या दिवशी तो बूट पुन्हा घालू नका. गारठलेले पाय शेगडीपुढे किंवा गरम पाण्यात धरू देऊ नका, चटका बसलेला त्यांना कळत नाही. कोरडा मोजा बदलून पाय पांघरुणात गुंडाळा.